सीडी-४ चा आकडा वाढला म्हणजे माणूस सुधारला का?

रक्तरेषा

मंडळी, काढ्यांच्या धाग्यावर परवा कुणीतरी एका चूर्णाची जाहिरात चिकटवली होती. ठळक अक्षरांत ‘सीडी-४ पेशी वाढतात’ आणि शेजारी वर जाणारा हिरवा बाण. त्याखाली लगेच ‘अजून काय पुरावा हवा?’ असा प्रतिसाद. तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे. मी बरीच वर्षं एचआयव्ही संशोधनाच्या प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजणाऱ्या यंत्रावर, काम केलं आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे स्वतःचे रिपोर्ट टाकून सल्ला मागू नये ही विनंती.

सीडी-४ हे काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. एचआयव्ही नेमका त्यालाच धरून पेशीत शिरतो. धडधाकट माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात अशा पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. लागण झाल्यावर औषध नसेल तर हा आकडा वर्षानुवर्षं घसरतो आणि २०० च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस वगैरे संधिसाधू संसर्ग दार ठोठावतात. टीबी तेवढीही वाट बघत नाही. म्हणजे धोका ओळखायला आकडा उत्तम, यात वाद नाही. पण आकडा खाली असला की धोका जास्त, यावरून आकडा कसाही करून वर नेला की धोका कमी, असं आपोआप ठरत नाही. जाहिरातीतला बाण नेमकी हीच उडी मारतो.

एचआयव्हीच्या संशोधकांनीही ती मारून पाहिली आहे. झिडोव्हुडिन हे पहिलं औषध अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं. लक्षणं नसलेल्या लोकांना ते लवकर द्यावं का, हा पुढचा प्रश्न. १९८९ मध्ये एक अमेरिकन चाचणी ‘फायदा दिसतोय’ म्हणून मुदतीआधीच थांबवली गेली. ब्रिटिश आणि फ्रेंच संशोधक मात्र त्यांची ‘काँकॉर्ड’ चाचणी रेटत राहिले. लक्षणं नसलेले १७४९ जण, निम्म्यांना औषध लगेच, निम्म्यांना आजाराची चिन्हं दिसल्यावर. लगेच औषध घेणाऱ्यांचा सीडी-४ सुरुवातीलाच वर गेला आणि दुसऱ्या गटापेक्षा वरच राहिला. तीन वर्षांनी जिवंत किती? लगेच घेणाऱ्यांत ९२ टक्के, थांबलेल्यांत ९४ टक्के. म्हणजे फरक नाहीच. विषाणू एकट्या औषधाला लवकरच दाद देईनासा होत होता, आणि ते सीडी-४ च्या आकड्यात दिसत नव्हतं. १९९४ साली हे निष्कर्ष छापून आले तेव्हा मोठी निराशा पसरली, कारण तोवर ‘आकडा वाढवणारं औषध म्हणजे जीव वाचवणारं औषध’ हे जवळपास गृहीत धरलं गेलं होतं.

पुढे तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली, विषाणू खरोखर दाबला गेला, सीडी-४ वाढला आणि माणसंही जगली. सगळे खूश. मग एक कल्पना निघाली: इंटरल्यूकिन-२ हे टी पेशींना वाढायला लावणारं द्रव्य इंजेक्शनने दिलं तर? नेहमीची औषधं चालूच, वर हे जास्तीचं. ‘एस्प्रिट’ नावाच्या चाचणीत ४१११ जण होते, ‘सिलकॅट’मध्ये १६९५. सरासरी सात वर्षांच्या आसपास पाठपुरावा. एस्प्रिटमध्ये इंटरल्यूकिन घेणाऱ्यांचा सीडी-४ दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १६० ने जास्त राहिला. प्रयोगशाळेत बसून असा आलेख बघितला तर कुणीही पेढे वाटेल! २००९ मध्ये दोन्हींचे निकाल लागले. संधिसाधू आजार तेवढेच, मृत्यू तेवढेच. उलट एस्प्रिटमध्ये गंभीर दुष्परिणाम इंटरल्यूकिनच्या गटात जास्त.

पेशी मोजल्या गेल्या होत्या, खोट्या नव्हत्या. पण वाढलेल्यांत आधीच्याच पेशी जास्त काळ टिकलेल्या, बऱ्याचशा प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशींच्या वळणाच्या. यंत्र गणती करतं. त्या पेशी जंतूशी लढतील का, हे यंत्राला विचारलेलंच नसतं.

तर चूर्णवाल्यांना माझा प्रश्न: बाण कळला. आजारी किती पडले, मेले किती, आणि चूर्ण न घेणाऱ्यांत किती?

---

कट्टेकरी

वाचतोय. पेढे कोणत्या दुकानाचे, तेही लिहा.

---

तात्या_नाशिककर

लेख झकास. पण रक्तरेषाताई, एक शंका. याच न्यायाने साखर, कोलेस्टेरॉल, बीपी हे सगळेच आकडे. माझा डॉक्टर दर तीन महिन्यांनी आकडा बघून गोळी वाढवतो. मी मरतोय का जगतोय ते बघायला तो दहा वर्षं थांबत नाही. मग तोही चूर्णवालाच म्हणायचा?

---

रक्तरेषा

तात्या, शंका रास्त आहे. फरक एवढाच की तुमच्या काही आकड्यांनी परीक्षा दिलेली आहे. बीपी खाली आणणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या औषधांनी पक्षाघात कमी होतात, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. एलडीएलचं, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं, तसंच. तिथे डॉक्टर आकड्यावर भरवसा ठेवतो ते आधीच्या हजारो माणसांच्या जोरावर.

आता कोलेस्टेरॉलचाच दुसरा आकडा घ्या, एचडीएल, ज्याला आपण ‘चांगलं’ म्हणतो. ते जास्त असणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे कित्येक वर्षं दिसत होतं. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने ते ७२ टक्क्यांनी वाढवलं, वर एलडीएल २५ टक्क्यांनी उतरवलं. रिपोर्ट बघून हेवा वाटावा. पंधरा हजारांवर लोकांची चाचणी २००६ च्या डिसेंबरमध्ये घाईने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. औषध बीपीही चढवत होतं, अॅल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही वाढवत होतं.

रॉस प्रेंटिस नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये याची अट मांडली. बदली मार्करने, म्हणजे खऱ्या परिणामाऐवजी मोजलेल्या आकड्याने, औषधाचा सगळा परिणाम स्वतःमधून दाखवला पाहिजे. औषध आकड्याला वळसा घालून दुसऱ्या वाटेने शरीरावर काही करत असेल, चांगलं किंवा वाईट, तर आकडा फसवणार. टॉर्सेट्रॅपिब असंच वळसा घालून गेलं.

---

तात्या_नाशिककर

पटलं. डॉक्टरला सोडलं मग.

---

औषधपाणी

मी एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, काम केलेला डॉक्टर. धागा छान, फक्त कुणी ‘सीडी-४ निरुपयोगी’ असा अर्थ घेऊन घरी जाऊ नये म्हणून लिहितो.

नवीन रुग्ण आला की आजही सीडी-४ करायचाच. २०० च्या खाली असेल तर रुग्ण आजाराच्या पुढच्या टप्प्यात आहे असं धरतात. क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी, टीबीचा कसून शोध, संसर्ग टाळायला कोट्रायमोक्सॅझोलची गोळी, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. चालत आलेला, बोलता-चालता माणूस आणि सीडी-४ निघतो ४०, असं बघितलं आहे. नुसत्या तोंडाकडे बघून ते कळत नाही.

औषध लागू पडतंय का, हे मात्र व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सांगतो. पूर्वी सीडी-४ घसरल्यावर औषध बदलायचो. तोपर्यंत विषाणू महिनोन्महिने वाढत असायचा. सीडी-४ ही उशिरा येणारी बातमी आहे.

आणि एक उलटी गंमत. फार कमी काउंटवर औषध सुरू केलं की कधी कधी काही आठवड्यांत काउंट वाढतो, व्हायरल लोड पडतो, आणि रुग्णाला जोराचा ताप येतो, मानेतल्या गाठी सुजतात. दडलेल्या टीबीवर जागी झालेली प्रतिकारशक्ती तुटून पडते. आयरिस म्हणतात त्याला. रिपोर्ट सुधारलेला, रुग्ण बिघडलेला. नातेवाईक म्हणतात औषधानेच घात केला. त्यांना समजावणं हे निदानापेक्षा अवघड काम.

---

जांभळं_टोपण

आमच्या प्रांतातला धागा दिसला म्हणून लॉगिन केलं. लॅब टेक्निशियन, जिल्ह्याच्या ठिकाणी.

आकडा कसा निघतो ते कुणी लिहिलं नाही. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यायचं, साध्या तापमानाला ठेवायचं, ठरलेल्या मुदतीत यंत्रावर लावायचं. सगळ्या नमुन्यांना बर्फ लागतो अशी समजूत असते, म्हणून गारठवून पाठवलेल्या सीडी-४ च्या नळ्या आल्या आहेत. मे महिन्यात बंद गाडीत तापलेल्याही. दोन्ही परत.

शिवाय आकडा दिवसभरात हलतो: सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. ताप असेल, स्टेरॉइड चालू असेल तर उतरतो. पांथरी काढलेली असेल तर चढलेला दिसतो. काहीही बदललं नसताना त्याच माणसात तीस टक्क्यांच्या आतबाहेर फरक आला तर आम्ही त्याला फरक धरत नाही. ३८० चे ४६० झाले म्हणून देवाला नारळ फोडणारे आणि ४६० चे ३८० झाले म्हणून रडणारे, दोघांनाही चहा पाजून हेच सांगावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांत तर नुसता आकडा बघतच नाहीत, टक्केवारी बघतात, कारण लहानपणी लिम्फोसाइट, म्हणजे सीडी-४ ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, मुळातच जास्त असतात.

---

रक्तरेषा

जांभळं_टोपण, 🙏 हे मीच लिहायला हवं होतं असं नाही म्हणणार, तुमच्याकडूनच जास्त शोभलं.

---

मध्यमपदलोपी

संख्याशास्त्र शिकवतो, सध्या मुक्काम इंग्लंड. वरच्या ३८०-४६० वरून मुद्दा पुढे नेतो.

समजा तुम्ही ‘काउंट ३५० च्या खाली’ असलेलेच लोक चूर्णासाठी निवडले. त्यातल्या काहींचा खरा काउंट ४०० आहे, त्या दिवशी सर्दी-तापाने, किंवा सकाळी लवकर रक्त घेतल्याने, ३४० आला. त्यांना चूर्ण द्या, पेढा द्या किंवा काहीच देऊ नका. पुढच्या वेळी मोजाल तेव्हा गटाची सरासरी वर गेलेली दिसेल. चढता बाण फुकटात मिळतो. ज्यांचा त्या दिवशी चुकून जास्त आला ते तुम्ही निवडलेच नव्हते, त्यामुळे उलट्या दिशेने ओढणारं कुणी उरत नाही. यावर तुलनेचा गट हाच उतारा, आणि तोही चिठ्ठ्या टाकून पाडलेला. ‘आधी आणि नंतर’ एवढंच दाखवणाऱ्या कुठल्याही आलेखावर, मग तो चूर्णाचा असो की बड्या कंपनीचा, मी पहिला संशय हाच घेतो.

---

अनामिक_वाटसरू

या नावाने पहिल्यांदाच लिहितो आहे, कारण उघड आहे.

मी पॉझिटिव्ह आहे. निदान झालं ते २००९ च्या सुमाराचं. काउंट चारशेच्या वर होता म्हणून सांगितलं, औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी या. नियमाप्रमाणेच होतं ते, तक्रार नाही. पण त्या काळात मी एक विचित्र गोष्ट करायचो. रिपोर्ट घ्यायला जाताना मनात अर्धं ‘कमी नको येऊ दे’ आणि अर्धं ‘एकदाचा कमी येऊ दे, म्हणजे औषध तरी सुरू होईल’. रांगेत बाकीच्यांशी बोलल्यावर कळलं की मी एकटा नव्हतो. आता औषध चालू आहे, लोड दिसत नाही, नोकरी चालू आहे. प्रश्न एवढाच: आम्हाला थांबवलं ते कशाच्या आधारावर होतं?

---

रक्तरेषा

वाटसरू, लिहिलंत हे फार बरं केलंत. उत्तर जरा सविस्तर देते.

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. औषधं तेव्हा महाग, दुष्परिणाम जड, आणि आयुष्यभर घ्यायची. त्यामुळे जगभर सगळे विचारत होते: कधी सुरू केलेली पुरेल? उत्तर सीडी-४ च्या रेषेने द्यायचे. आधी २००, मग जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ३५० केलं, २०१३ मध्ये ५००.

मधल्या काळात ‘स्मार्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. ३३ देश, ५४७२ लोक. कल्पना अशी की काउंट ३५० च्या वर असेल तर औषध थांबवायचं, २५० च्या खाली आला की पुन्हा सुरू करायचं. शरीराला विसावा, खिशालाही. २००६ च्या जानेवारीत ती बंद करावी लागली. औषध थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचं प्रमाण अडीच पटींहून जास्त होतं. आणि धक्का असा की हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे आजारही त्याच गटात वाढले होते. औषधांच्या दुष्परिणामांपासून वाचवायला निघाले होते आणि झालं उलटंच.

या चाचणीत जपून ठेवलेलं रक्त पुन्हा बाहेर काढून तपासलं. त्यात दोन मार्कर उठून दिसले: इंटरल्यूकिन-६, म्हणजे दाहाचा, आणि डी-डायमर, म्हणजे रक्त गोठण्याच्या घडामोडींचा. सुरुवातीला हे जास्त असलेल्यांत नंतरचे मृत्यू कित्येक पटींनी जास्त होते, आणि औषध थांबवल्यावर महिन्याभरातच दोन्ही वर गेले. सीडी-४ ‘ठीक’ दाखवत असताना विषाणू आत विस्तव पेटता ठेवत होता.

म्हणून मग ‘स्टार्ट’. काउंट ५०० च्या वर असलेले ४६८५ जण. अर्ध्यांना लगेच औषध, अर्ध्यांना ३५० ला उतरल्यावर. मे २०१५ मध्ये निकाल: गंभीर आजार किंवा मृत्यू लगेच घेणाऱ्यांत ४२ जणांना, थांबलेल्यांत ९६ जणांना. ५७ टक्के कमी. मला यातला सगळ्यात बोलका आकडा वेगळाच वाटतो. झालेल्या गंभीर घटनांपैकी ६८ टक्के घटना काउंट ५०० च्या वर असतानाच घडल्या होत्या. ज्या रेषेच्या वर सगळं ठीक मानायचो, तिथे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने रेषाच काढून टाकली, भारतात २०१७ पासून काउंट कितीही असो औषध लगेच.

पुण्याचाही यात वाटा आहे. जोडप्यातला एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशा १७६३ जोडप्यांच्या ‘एचपीटीएन ०५२’ चाचणीत पुणे आणि चेन्नई ही केंद्रं होती. लवकर औषध घेतलं तर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी होते हे २०११ मध्ये त्यातून कळलं. तिथे कुणी आकड्याचा बाण मोजला नाही. जोडीदाराला लागण झाली की नाही, आणि झाली असेल तर विषाणू याच घरातला आहे का, हे जनुकं जुळवून तपासलं.

तर २००९ मध्ये हातात असलेल्या पुराव्यावर तुम्हाला थांबवलं गेलं. पुढचा पुरावा तुमच्यासारख्यांनीच रक्त देऊन उभा केला.

---

अनामिक_वाटसरू

धन्यवाद ताई. बायकोला वाचून दाखवलं. ती निगेटिव्ह आहे.

---

कट्टेकरी

वाटसरू ❤️

---

मावळतीची_ऊन्हं

इंटरल्यूकिन-६ वाचून २०२१ चा एप्रिल आठवला. कोविड झालेल्या भावासाठी टोसिलिझुमॅब या आयएल-६ (म्हणजे इंटरल्यूकिन-६) रोखणाऱ्या इंजेक्शनच्या मागे अर्ध्या पुण्यात फिरलो. आयएल-६ चा रिपोर्ट हातात घेऊन. तेव्हा तो आकडा म्हणजे इंजेक्शनचं कुपनच झालं होतं. त्याला काही अर्थ होता का?

---

औषधपाणी

औषधाला अर्थ होता, कुपनाला फारसा नव्हता. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी ४११६ जण घेतले, ते ऑक्सिजन कमी पडतोय आणि सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) ७५ किंवा जास्त आहे, या दोन अटींवर. आयएल-६ ची अट नव्हती. २८ दिवसांत मृत्यू औषधाच्या गटात ३१ टक्के, दुसऱ्या गटात ३५ टक्के. फायदा खरा, पण शंभरातल्या चौघांचा. आणि त्यातल्या बहुतेकांना स्वस्तातलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आधीच चालू होतं. सीआरपी यकृतात बनतो तो मुख्यतः आयएल-६ च्याच इशाऱ्यावर, आणि कुठल्याही लॅबमध्ये थोड्या पैशात होतो. महागडा रिपोर्ट हातात नसता तरी निर्णय अडला नसता. भाऊ कसा आहे आता?

---

मावळतीची_ऊन्हं

बरा आहे. इंजेक्शन मिळालंच नाही, तसाच बाहेर आला. म्हणूनच विचारलं.

---

तात्या_नाशिककर

मग आता एचआयव्हीवाल्यांत आयएल-६ आणि डी-डायमर उतरवायची औषधं देतात का? की तिथेही पुन्हा चूर्ण?

---

रक्तरेषा

तात्या, नाही देत. हा धडा आता पाठ झालाय. नेहमीच्या तपासणीत हे दोन्ही मार्कर करतही नाहीत, संशोधनात करतात. त्यांनी दिशा दाखवली, की विषाणू दबलेल्या माणसातही दाह उरतो आणि हृदयाला जाच होतो. मग ‘रिप्रीव्ह’ चाचणीत ७७६९ पॉझिटिव्ह लोकांना पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन जातीचं औषध) किंवा नकली गोळी दिली आणि थेट हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू हेच मोजले. २०२३ चा निकाल: हृदयाच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी. मार्कर कुणाचा किती उतरला, ते त्यानंतरचं कुतूहल.

---

अनामिक_वाटसरू

मी चाळिशी ओलांडली आहे, साखर-कोलेस्टेरॉल ठीक. मी विचारू का केंद्रावर स्टॅटिनचं?

---

औषधपाणी

जरूर विचारा. रिप्रीव्हमध्ये ४० ते ७५ वयाचे, हृदयाचा धोका कमी ते मध्यम असलेलेच लोक होते, म्हणजे तुमच्यासारखेच. जाताना चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. काही एचआयव्हीची औषधं काही स्टॅटिनशी जमत नाहीत, सिम्व्हास्टॅटिन तर काहींबरोबर अजिबात चालत नाही. स्वतःहून दुकानातून घेऊ नका. व्हायरल लोडची तारीख चुकवू नका.

---

जांभळं_टोपण

आणि सीडी-४ सांगितलाच तर नळी बर्फात घालू देऊ नका.